सात पांघरुणांखालचा उन्हाळा

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे, तुतीच्या लाकडाचा. माझा रंग उडालाय, एक पाय किंचित वाकडा आहे आणि हलवलं की मी कुरकुरतो. पण आज मी कुणाचीही भीडभाड ठेवणार नाही. माझ्याच कुशीत एका बाळाचा जीव जाता जाता राहिला. ते पुन्हा कुठल्याही घरात घडू नये, एवढ्यासाठी हे बोलणं.

मला आमच्या खोऱ्यातल्या रिश्तान गावच्या उस्ता होलमतने, म्हणजे होलमत मिस्त्रीने, घडवलं. माणूस तोंडाचा फटकळ, पण हाताचा मऊ. माझ्या अंगावर लाल-पिवळी फुलं रंगवताना तो सारखा बडबडायचा, एखादं कुसळ राहिलं तर तुला चुलीत घालीन म्हणून मला धमकवायचा. दोन बाजूंना कमानी, त्यांना जोडणारा वरचा दांडा, आणि तळाला एक भोक. हसू नका! त्या भोकाखाली मडकं ठेवतात, म्हणून आमच्याकडची बाळं ओल्यात झोपत नाहीत.

मिठाईच्या ताटांबरोबर मी या घरच्या तेव्हाच्या सुनेच्या, सबोहतच्या, माहेराहून इथे आलो. तिचा थोरला दिलशोद माझ्यात वाढला. बाळाला रुंद पट्ट्यांनी हळुवार बांधायचं आणि दांड्यावरून सात पांघरुणं सोडायची, ही इथली रीत. नजर लागू नये, माशी बसू नये, झोप मोडू नये म्हणून. दिलशोद गुटगुटीत झाला तशी माझी कीर्ती गावभर पसरली. बायका माझ्या दांड्यावरून हात फिरवून तो कपाळाला लावायच्या. मी नुसता फुगून गेलो होतो.

पुढे पोरं मोठी झाली आणि माझी रवानगी कोठीत झाली. माझ्यात कांदे ठेवले, मित्रांनो. कांदे! एकदा तर कोंबडी येऊन अंडी घालून गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग एके दिवशी मला धुऊनपुसून अंगणात आणलं. दिलशोद कामासाठी रशियात गेला होता आणि त्याच्या बायकोला, मुकद्दसला, पहिला मुलगा झाला होता. नाव ठेवलं उमिद. जन्मला तो ऐन उन्हाळ्यात. त्या दिवसांत आमच्या खोऱ्यातली कुत्रीसुद्धा पाटाच्या पाण्यात बसून राहतात.

मुकद्दस मुलगी शांत, पण डोळे सगळीकडे. जेवायला जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाच्या कडेला चहाची किटली दिसली की उचलून मध्ये ठेवायची, एखादं रांगतं पोर कापड ओढेल म्हणून. तंदूरवर झाकण घातल्याशिवाय तिथून हलायची नाही. सासू तिला भित्री भागूबाई म्हणून चिडवायची. ती हसायची आणि किटली पुन्हा मध्ये सरकवायची.

तिचं सासूशी खरं वाजलं ते माझ्यावरून. सबोहतने माझ्यावर सातही पांघरुणं घातली, त्यातली दोन मखमली आणि एक तर कापूस भरलेली दुलई. मुकद्दसने आत हात घातला, तो घामाने भिजून बाहेर आला. तिने दुलई काढली. सासूने ती परत घातली. सून पाण्याला गेली की सात, सासू भाजीला गेली की तीन, असा आमच्याकडे रोजचा खेळ सुरू झाला. शेवटी सबोहत ठणकावून म्हणाली, "तुझा नवरा याच पाळण्यात, याच सात पांघरुणांत वाढला. वितळला का तो?"

मुकद्दस घागर उचलून पाण्याला निघून गेली. उत्तर मला ठाऊक होतं! दिलशोद माझ्यात निजायचा तेव्हा खिडकीच्या फटीतून बर्फ आत यायचा. पण लाकडाला तोंड कुठून असणार?

अन् बाळ बघायला पाहुण्या यायचा दिवस उगवला. त्या दिवशी सासूपुढे कुणाची टाप होती? सातही पांघरुणं चढली. मला खिडकी बंद केलेल्या खोलीत ठेवलं आणि मुकद्दसला नान भाजायला तंदूरकडे पाठवलं. उमिद आधी रडला, खूप रडला. मग कण्हू लागला. मग गप्प झाला. बाहेर सबोहत कौतुकाने सांगत होती, कसा गाढ झोपलाय बघा माझा नातू.

तो झोपला नव्हता, मित्रांनो. त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घाम यायचा थांबला होता. मला हातही नाहीत, पायही नाहीत. इतका लाचार मी कधीच झालो नव्हतो.

मुकद्दसला आवाज येईना तशी ती नान तशीच टाकून पिठाच्या हातांनी आत धावली. पाहुण्यांदेखत तिने सातही पांघरुणं एका हिसक्यात फेकली, पट्ट्या सोडल्या. उमिदची मान लुळी पडली होती. "अगं, लोकांची नजर!" असं म्हणत सबोहत आडवी आली.

"नजर लागली तर मी निस्तरीन, आई," मुकद्दस म्हणाली. "पोर गेलं तर कोण निस्तरणार? बाजूला व्हा."

सासू बाजूला झाली. मुकद्दसने बाळाला द्राक्षांच्या मांडवाखाली नेलं, त्याचे कपडे काढले, साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने अंग पुसत राहिली आणि एका पाहुणीला वारा घालायला बसवलं. सासऱ्यांना, एर्गाशआजोबांना, दवाखान्याची गाडी बोलवायला सांगितलं. सबोहत घाबरून वाटीत पाणी घेऊन आली, पाजते म्हणाली. मुकद्दसने वाटी अडवली आणि समजावलं, शुद्ध नसताना तोंडात पाणी घातलं तर ते श्वासात जाईल. आणि फडकं पुन्हा भिजवून ती अंग पुसू लागली.

गाडीचा भोंगा कोपऱ्यावर वाजला तेव्हा उमिद रडला. बारीक, चिरका आवाज. माझ्या उभ्या आयुष्यात एवढं गोड काही ऐकलं नाही. नर्सबाई त्याला आणि त्याच्या आईला घेऊन गेल्या.

पाहुण्या पांगल्या. सबोहत माझ्यापाशी मटकन बसली आणि पुटपुटत राहिली, दिलशोदला तर काही झालं नव्हतं. एर्गाशआजोबा घरात फारसं बोलत नाहीत, त्यांना बोलू कोण देतंय? त्या दिवशी मात्र बोलले. "अगं, दिलशोद माघातला. त्याच्या आंघोळीच्या पाण्यासाठी मी पाटावरचं बर्फ कुऱ्हाडीने फोडत होतो. विसरलीस?"

सबोहतने डोक्यावरच्या रुमालाने तोंड झाकलं आणि ढसाढसा रडली.

उमिद बरा होऊन घरी आला. मला वाटलं, आता माझी गाठ तंदूरशी. मुकद्दसने मला उचललं आणि मांडवाच्या सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर ठेवलं. वर एकच मलमल, तीही माशांपुरती, दोन्ही बाजू उघड्या. सबोहत पंखा घेऊन शेजारी बसते आणि सारखी आत हात घालून बाळाची मान तापली का ते चाचपते. परवा शेजारीण म्हणाली, असं उघडं ठेवलंत तर नजर लागेल हो. सबोहतने पंखा थांबवला नाही. "लागू दे," ती म्हणाली. "वारा लागला पाहिजे."

मित्रांनो, तुमच्या घरी तान्हं बाळ असेल तर रीत सांभाळा, पण आधी ऋतू कोणता ते बघा. बाळ फार शांत झालं तर कौतुक करत बसू नका, पांघरूण उचलून बघा. मोठी माणसं रागावली तरी बघा. मी लाकडाचा, मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.