दोन तास आणि दोन हात

गणितापुढं सगळे समान असतात, असं कॉलेजच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं. भिंतीला भाकऱ्या थापाव्या लागत नव्हत्या.

उचगावच्या दानेश्वरीला रोज वीस थापाव्या लागत. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, शहाण्णव साली, ती गणितात नापास झाली. गुळाचे व्यापारी असलेले तिचे वडील भरमाप्पा एवढंच म्हणाले, “आक्टोबरात पास हो, पुढं शीक. न्हायतर लगीन.”

बारावीपर्यंत तिनं सगळं पाठच केलं होतं. हात पिठात असताना पाठांतरच जमतं. कॉलेजच्या गणिताच्या सरांनी मात्र बजावलं, “गणित वाचू नका, करा. पुस्तक मिटून तेच उदाहरण पुन्हा सोडवा. अडाल तिथं खूण करा, उद्या तिथूनच सुरुवात. रोज दोन तास, हातात पेन.”

दोन तास कुणाचे आणि हात कुणाचे, हे सरांनी विचारलं नाही.

मग दानेश्वरीनं काठवटीतलं पीठ सपाट केलं आणि बोटानं त्यावर उदाहरण मांडलं. अडलं, की चुलीमागच्या भिंतीवर कोळशाची रेघ; सुटलं, की ती पुसायची.

“दानव्वा, भाकरी जळाली की गं!” आई बसव्वा ओरडली. “पिठात काय रांगोळी काढतीस व्हय?”

“अव्वा, थांब जरा. सुटायला लागलंय.”

“सासरी असलं सुटलं तर तुज्यासंगं माजंबी नाव काढतील!”

सुटलेलं उदाहरण थापून तव्यावर जायचं. भरमाप्पांनी त्या तीन महिन्यांत बरंच गणित खाल्लं. अंगी काही लागलं नाही. भिंतीवरच्या अकरा रेघा हळूहळू दोनावर आल्या.

ऑक्टोबरच्या परीक्षेत पन्नासात एकेचाळीस पडले. भरमाप्पांनी गल्लीभर पेढे वाटले आणि रविवारी पाहुणे बोलावले.

“अप्पा, तुमी शबुद दिलता.”

“पाळला की! नापास झालीस म्हणून कुठं लगीन लावतोय? पास झालीस म्हणून लावतोय. आता स्थळं रांग लावत्यात बग.”

पाहुण्यांसाठी घराला चुना मारला, चुलीमागची भिंतसुद्धा. मार्कलिस्ट पोह्यांच्या बशीबरोबर फिरली. मुलाच्या बापानं ती उलटसुलट पाहिली.

“एकेचाळीस! हुशार हाय की. भाकरी येती न्हवं?”

दानेश्वरीनं मान वर केली. “येती. पावणं, तुमच्या मुलाला गणितात किती पडलं?”

मुलगा दहावीला तीनदा गणितातच नापास झाला होता. त्यानं बशीत पाहिलं. बापच हसला, “गड्याला कशाला लागतंय?” सगळे हसले. बसव्वानं तिला चिमटा काढून आत नेलं. बाहेर सुपारी फुटली.

“मला यंदाचा पेपर दिऊ दे अव्वा, मग कायबी करा.”

“मुहूर्त काय तुज्या पेपरासाठी थांबतोय व्हय?”

लग्न एप्रिलच्या अकरा तारखेला लागलं. दुसऱ्या वर्षाचा गणिताचा पेपर त्याच दिवशी होता.

सोपा आला होता.