ओरडून केलेलं कालवण

साहित्य: हातभर लांब मरळ, दोन कांदे, खोबऱ्याचा तुकडा, चिंच, येसूर (भाजल्या धान्याचा मसाला). आणि उंबऱ्याच्या आत बसलेली आई, चवीपुरती.

कृती:
मरळ पैनगंगेतून काढावी. हे काम अण्णांचं. इस्लापूरच्या खालच्या डोहावर ते गळ टाकून बसत. गांडुळांचा डबा माझ्या हातात. बोलायचं नाही, शिंकायचं नाही, मोबाईल गाडीच्या डिक्कीत. मी शिंकले. तरी मरळ लागली.

मग तिला राखेत घोळून

नाही. कृती इथं अडते, कारण आईनं तुळशीची माळ घातली होती.

तेव्हापासून मासा घराबाहेर. गोठ्याशेजारी तीन दगडांची चूल, वेगळं पातेलं, वेगळी वाटी. आई शिवणार नाही, चाखणार नाही. अण्णांनी वर्षभरात चार कालवणं केली. तीन कुत्र्यानं खाल्ली. चौथं त्यानंही अर्धं सोडलं. भोकरची गुणाबाई आत्या म्हणाली, "व्यंकट, फुडल्या खेपंला मी डबा घिऊनच येते." अण्णांना ते असं झोंबलं की त्यांनी जाहीर केलं: आज बिघडलं तर गळ चुलीत, नदी बंद.

नदी बंद म्हणजे माझा रविवार बंद. मी चुलीजवळून हलले नाही.

कृती, पुढं चालू:
अण्णा, मुद्दाम मोठ्यानं: "पयली चिंच टाकून राहिलो."
आत पाट सरकला.
"कांदा कच्चाच टाकतो."
आतून बांगड्या वाजल्या.
"मासा आता टाकतो, मसाला मागून."
"अवं, लगदा करता का त्याचा!" आई उंबऱ्याशी आली. "कांदा भाजा. करपवू नका. येसूर पाण्यात कालवा. मासा शेवटी. अन् पळी घालू नका, पातेलं हलवा."
"चव कशी कळावी तुला?"
"तनुजाची जीभ हाय की."

चाखणे (किती वेळा, ते मोजू नये):
"कसं लागतंय?"
"चिखलासारखं."
"चिंच टाका. आता?"
"दात शिवशिवतात."
"मीठ. आता?"
जमलं होतं. पहिल्याच थेंबाला कळलं. पण मी म्हटलं, "नीट कळत नाही. आणखी वाटीभर द्या."
"आगं, पातेलं रिकामं करून राहिली ही!" अण्णांनी वाटी काढून घेतली.

वाढणे:
आत्या आली, खरंच डब्यासकट. वांग्याची भाजी. ती बाजूला सारून तिनं कालवणात भाकरी कुस्करली. एक घास. दुसरा. तिसऱ्याला हात थांबला. आत्या आईच्या गळ्याकडं रोखून बघत होती.

"वैनी, माळ काढलीस का काय?"

"काय बोलता, वन्सं!" आईनं माळ पदराबाहेर ओढून दाखवली. "उंबरा वलांडला न्हाई मी. पोरीला इचारा. निस्ती वरडले."

आत्यानं ताटातला रस्सा बोटानं निपटून घेतला.

"मंग फुडल्या ऐतवारीबी वरड."