साबण लावलेला बो

वाद्यवृंदात इंटर्न म्हणून निवड झाली तेव्हा धाकटीने घरभर उड्या मारल्या होत्या. आता सहा महिने होत आले होते आणि तिच्या व्हायोलाचा एक सूरही कोणी ऐकला नव्हता.

व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, अंगाने भरलेली आणि आवाजाने जाड. घरी हे शंभरदा सांगून झालं होतं, तरी बस चालवणारे बाबा सगळ्यांना "आमची धाकटी व्हायोलिन वाजवते" असंच सांगायचे. प्रत्यक्षात ती रोज नऊ वाजता नोटेशनच्या लायब्ररीत बसायची. कंडक्टरने एखादी खूण बदलली की सगळ्या प्रतींवरची जुनी खूण खोडायची, नवी पेन्सिलीने लिहायची. दुसऱ्या दिवशी त्यांचं मन फिरलं की पुन्हा खोडायची.

"तुमच्या कंडक्टरला सगळे एवढे घाबरतात?" बाबांनी एकदा विचारलं. "आमच्या कंडक्टरला तर कुत्रंही विचारत नाही."

धाकटीला हसू आलं नाही. निवडपत्रात 'मंचावर वादनाची संधी' असं लिहिलं होतं. मॅनेजरबाईंना विचारलं की त्या म्हणायच्या, "बघू ना." या 'बघू ना'ने तिच्या नाकीनऊ आणले होते.

आणि मग एके दिवशी व्हायोलाच्या गटप्रमुखांनी तिला बोलावलं. "शनिवारी कार्यक्रमाचं चित्रीकरण आहे. एक जण आजारी आहे, शेवटच्या रांगेत एक खुर्ची रिकामी दिसेल. तू बस."

"सर, मला सगळं पाठ आहे! चौथ्या भागातला तुमचा एकट्याचा तुकडासुद्धा."

"वाजवायचं नाहीये," प्रमुख म्हणाले आणि त्यांनी कपाटातून एक जुना बो, तारांवर फिरवायचा गज, काढला. "याच्या केसांना साबण चोळलाय. तारेवर फिरवलास तरी आवाज येत नाही. हात फक्त सगळ्यांच्या बरोबर हलू दे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम म्हणून घरी बाबांनी आधीच रजा टाकलेली, ताईने पहिल्या रांगेच्या जागा धरलेल्या. तिने मुकाट्याने बो घेतला.

शनिवारी ती काळे कपडे घालून मंचावर बसली. समोर बाबा ताठ बसले होते, जणू त्यांचाच कार्यक्रम होता. तीन भाग धाकटी नुसता हात हलवत राहिली. पुढच्या रांगेतला एक जण सरळसरळ बेसूर वाजवत होता आणि ती, सगळं नीट येणारी, साबण घासत होती.

चौथा भाग सुरू झाला आणि पुढे टणकन आवाज आला. प्रमुखांच्या व्हायोलाची तार तुटली होती.

अशा वेळी कोणी थांबत नाही. तुटलेलं वाद्य मागे जातं आणि शेवटच्या रांगेतलं पुढे येतं. तिच्या पुढच्या वादकाने मान वळवून हात पुढे केला. तिने क्षणभर आपला व्हायोला घट्ट धरला, मग सोडला. हातोहात तो पुढे गेला आणि तिच्या मांडीवर लोंबत्या तारेचा दुसरा आला. हलवायलाही आता काही उरलं नव्हतं.

मग तो एकट्याचा तुकडा आला. धाकटी जिवाचा कान करून ऐकत होती. प्रमुखांच्या हातात तिचाच व्हायोला होता; त्याच्या खालच्या सुरांतली किंचित घोगरी धार तिने चार वर्षं रोज घासून काढली होती. सभागृह स्तब्ध झालं होतं. तिचे डोळे भरून आले ते रागाने.

कार्यक्रमानंतर प्रमुख तिचा व्हायोला परत द्यायला मंचामागच्या बोळात आले. "वाद्य चांगलं आहे तुझं," ते म्हणाले. "माझी तेवढी तार बदलून ठेव."

"नाही बदलणार."

प्रमुख थबकले.

"सहा महिने झाले, सर. माझं वाद्य चालतं, मी चालत नाही. तुम्ही मला एकदा तरी ऐकलंय का?"

ते हळूच म्हणाले, "निवडीला मी नव्हतो."

"मग आता ऐका. तुमचा बो द्या."

बोळात खुर्च्या हलवणारी माणसं येत-जात होती. त्याच तुकड्याची पहिली ओळ करकरली. दुसरी बरी गेली. तिसरीत तिला आजूबाजूच्या माणसांचा विसर पडला आणि तुकडा संपेपर्यंत ती थांबली नाही.

"मध्ये लयीच्या पुढे पळतेस," प्रमुख म्हणाले. "मंगळवारच्या सरावाला शेवटच्या रांगेत बस. वाजवायला. मॅनेजरबाईंशी मी बोलतो."

"हे आधी व्हायला हवं होतं, सर."

"हो," ते म्हणाले आणि तार शोधायला गेले.

बाहेर बाबा हात पसरून उभे होते. "काय वाजवलंस गं! शेवटी वाद्य देऊन टाकलंस तोवर माझी नजर हटत नव्हती तुझ्यावरून!"

हो म्हणून टाकणं सोपं होतं. "बाबा, मी एक सूरही वाजवला नाही. नुसता हात हलवायला बसवलं होतं मला."

बाबांचा चेहरा उतरला. ताई भडकली, "आत्ता जाऊन बोलते मी त्यांच्याशी!"

"मी बोलले," धाकटी म्हणाली. बाबांनी काही न विचारता तिच्या खांद्यावरची व्हायोलाची पेटी आपल्या खांद्यावर घेतली.

मंगळवारी ती दोनदा चुकली. एकदा खरोखरच पळाली, एकदा घाबरून मागे राहिली. कंडक्टरने काठी आपटली, "मागची रांग! झोपलात काय सगळे?" शेजारच्या वादकाने तोंड वाकडं केलं. धाकटीचे कान तापले. तिने पान मागे उलटलं, व्हायोला हनुवटीखाली दाबला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.