डोळ्यांवरचं गोणपाट

नालबंदानं आपल्याच पोरीच्या पाठीत दोराचा पहिला रट्टा घातला, तेव्हा बैल अजून आडवाच होता. चारी पाय एकत्र बांधलेले, डोळ्यांवर गोणपाट, शिंगं मातीत रुतलेली. मानेवर पोर बसलेली. सगळे तिला भिंगरी म्हणतात. दोरीएवढी बारीक, पण तिनं मुंडकं दाबून धरलं की खोंडसुद्धा हलत नाही.

"मुंडकं धरता येत नाही? लक्ष कुठं होतं तुझं?"

दुसरा रट्टा खांद्यावर. तिसरा कानशिलात, तो हाताचा. पोर घरंगळली, बैलानं मान झटकली आणि शिंगानं तिची बाही दंडापर्यंत फाडली.

झालं होतं एवढंच, की नालाचा खिळा खुराच्या आतल्या जिवंत मांसाला, जिव्हाळीला लागला होता. खुरातून रक्त ठिबकत होतं.

माझी पिठाची गिरणी समोरच, त्यामुळे आधीचंही सगळं मी उंबऱ्यावरून बघितलं होतं. बैल गाडीवानाचा, आणि गाडीवानाची जीभ त्याच्या चाबकाहून लांब. तो मघापासून बडबडत होता, "तुझ्या बापानं ठोकलेला नाल झिजायचा, पण पडायचा नाही. तुझा रस्त्यातच निघतो. म्हाताऱ्याच्या हाताला अक्कल होती बाबा!" चार रिकामटेकडे फिदीफिदी हसले. नालबंदाच्या मानेची शीर टरारली आणि हातोडा खाली आला. घाव होता गाडीवानासाठी, बसला बैलाला, आणि वसुली चालली होती पोरीकडून.

रागाच्या बाबतीत आमचा नालबंद बाहेर चिक्कू, घरात उधळ्या. लाथ मारणाऱ्या बैलाला त्यानं कधी शिवी दिली नाही. पाठीवर तळवा ठेवायचा, जनावराची थरथर थांबेपर्यंत हातोड्याला शिवायचं नाही, आणि डोळे झाकल्याशिवाय हात उचलायचा नाही, हा त्याचा नेम. "वर जाणारा हात दिसला की जनावर घाव बसायच्या आधीच अर्धं मरतं," असं तोच सांगायचा. पोरीला मात्र सगळे हात उघड्या डोळ्यांनी बघावे लागत.

"अरे, दुखणं हाल्याला अन् इंजेक्शन पखालीला!" गाडीवान ओरडला. "खिळा तू ठोकलास. तिला काय बडवतोस?"

"थोबाड फोडीन तुझं!"

आणि फोडलंच. गाडीवानाचा ओठ फाटला, दाढीवरून रक्त ओघळलं. त्यानं नालबंदाच्या पोटात गुडघा घातला. दोघं धुळीत लोळले, एकमेकांच्या आयाबहिणी काढल्या. लोकांनी ओढून वेगळं केलं, तर नालबंद उठला तो हातोडा घेऊनच. तोंडाला फेस. गाडीवानाला चौघांनी मागं घेतलेलं. मग वळला पोरीकडे.

भिंगरी पळाली नाही. तिनं बैलाच्या डोळ्यांवरचं गोणपाट ओढलं, भिंतीशी जाऊन बसली आणि ते स्वतःच्या डोक्यावरून खाली घेतलं. हात जमिनीला टेकवले. वाट बघत राहिली.

हसणारे दोन पावलं मागं सरले.

नालबंद जागीच थांबला. मग हातभर अंतर ठेवून खाली बसला. सवयीनं त्याचा तळवा तिच्या पाठीकडे गेला. बोटं लागताच गोणपाटाखालून असा आवाज आला, की त्यानं निखाऱ्याला शिवल्यासारखा हात मागं घेतला. तोच तळवा स्वतःच्या मांडीवर दाबला. मांडी लटलट हलत होती.

"बैल सोडायचा का?" कुणीतरी विचारलं.

"थांबा. माझा हात थांबू दे."

बराच वेळ गेला. मांडी हलायची थांबली. मग त्यानं हातोडा गाडीवानाकडे सरकवला. "हा धर. एवढ्यात मागितला तरी देऊ नकोस." गाडीवानानं ओठ पुसत मुकाट्यानं घेतला.

"खिळा माझ्या हातून गेला," नालबंद पुटपुटला. "पोरीनं मुंडकं सोडलं नव्हतं."

गोणपाटातून आवाज आला, "मोठ्यानं सांग."

त्याचं तोंड तांबडंलाल झालं. मला वाटलं, आता पुन्हा भडकणार. पण तळवा मांडीवरच राहिला.

"खिळा मी चुकवला!" तो ओरडला. "माझ्या पोरीचा दोष नाही!"

"आता लांब हो."

तो लांब झाला. भिंगरी बाहेर आली. कान सुजलेला, दंडावर ओरखडा. बापाकडे तिनं बघितलंच नाही. गोणपाट बैलाच्या डोळ्यांवर टाकलं, मानेवर बसली आणि म्हणाली, "आधी खिळा काढ. दुखतंय त्याला."

नालबंद साधू झाला असं कुणी समजू नये. परवाच एका उधळलेल्या गोऱ्ह्यानं त्याचा पाय तुडवला, आणि जवळ होती म्हणून पोरीवर हात उगारलाच त्यानं. भिंगरीनं बघितलं नाही, ओरडली नाही. पायानं गोणपाट स्वतःकडे ओढलं, बस. हात हवेतच राहिला. मग खाली आला, मांडीवर बसला, आणि लोक खुसखुसत असताना तिथंच राहिला.

गोऱ्ह्याला नाल लागला, गोऱ्हा चालता झाला. भिंगरीनं गोणपाट झटकलं, घडी घातली, आणि नेहमीसारखं खुंटीला न अडकवता काखेत धरून घरात गेली.