हरिप्रियेच्या मानेतली रक्तवाहिनी

प्रयोगशाळेतल्या मुलीने हरिप्रियेच्या दंडाला रबरी पट्टा आवळला आणि सुई हातात घेता घेता विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" उत्तर हरिप्रियेने द्यायचं होतं, पण आई शेजारी असताना कुठल्याही प्रश्नाचं उत्तर द्यायची पाळी तिच्यावर सहसा येत नसे. "काही नाही," त्रिपुरसुंदरी म्हणाली, "कॉफीसुद्धा नाही." कॉफीवाचून घराबाहेर पडणं हा तंजावरी माणसाच्या दृष्टीने केवढा त्याग असतो हे त्या मुलीला कळावं, म्हणून तिने शेवटच्या दोन शब्दांवर चांगला जोर दिला.

हरिप्रिया एकोणीस वर्षांची. सोळाव्या वर्षी तिला मधुमेह निघाला, तोही मोठ्या माणसांना होतो तसला, गोळ्यांचा. "एवढ्याशा पोरीला शुगर?" म्हणून नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली आणि ती बाहेर काढल्यावर सल्ले द्यायला सुरुवात केली. कारलं, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड. त्रिपुरसुंदरीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मुलीला सरळ नुंगंबाक्कमला डॉक्टर अलमेलूंकडे नेलं. या एका बाबतीत तिने कोणाची भीड ठेवली नाही. तिचा नवरा राममूर्ती राव यालाही साखर होती, आणि एकदा रक्त तपासून घेतल्यावर पुन्हा तो दवाखान्याकडे फिरकला नव्हता. चाळिशी नुकती उलटलेली असताना मैलापूरच्या कचेरीत, भर दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या हृदय बंद पडून तो गेला. त्याच्या जागी तिला नोकरी मिळाली. टेबल तेच मिळालं, खुर्ची मात्र तिने पहिल्याच दिवशी भांडून बदलून घेतली.

डॉक्टर अलमेलू फटकळ बाई. गोड बोलणं हेही साखरेतच मोडतं अशी त्यांची समजूत असावी. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये त्यांनी मायलेकींना समोर बसवून सांगितलं होतं, "एवढ्या लवकर ही साखर आली की रक्तवाहिन्या वयाच्या आधी म्हाताऱ्या होऊ शकतात. सगळ्यांच्या होतातच असं नाही, पण बघत राहायला हवं. पुढच्या वेळी रक्तातली चरबी नेहमीप्रमाणे बघूच, शिवाय मानेतली रक्तवाहिनी यंत्रावर बघू. तिची भिंत जाड व्हायला लागली असेल, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांचंही तेच चाललं असण्याची भीती असते."

त्या दिवसापासून त्रिपुरसुंदरीच्या जिवाला घोर लागला तो लागलाच. मुलगी बापावर गेली आहे हे सगळेच म्हणत. तेच कपाळ, तेच हसणं, तीच साखर. आणखी काय काय उचललं आहे पोरीने बापाकडून, एवढाच प्रश्न होता.

या वर्षी जूनमध्ये परीक्षा आडवी आली, मग डॉक्टर कुठल्याशा परिषदेला गेल्या, आणि ढकलत ढकलत तपासणी आली ती दोन हजार सहाच्या डिसेंबरात, ऐन मार्गळी महिन्यात. मार्गळी म्हणजे तमिळ देशातला पहाटे उठायचा महिना. त्यांच्या वेस्ट मांबलममध्ये उजाडायच्या आत दारोदारी रांगोळ्या पडतात, गल्लीतल्या देवळाचा भोंगा सुरू होतो आणि ज्याला झोपायचंय त्याने दुसरं गाव बघावं. त्रिपुरसुंदरी रोज अंधारात आंघोळ करून देवळात जाई. पूजा झाली की गुरुजी गरम पोंगल वाटत. गुळातला भात, वर काजू, आणि तूप असं की द्रोण हातात धरला तर कोपरापर्यंत ओघळ यावा. तो द्रोण ती घरी आणी आणि हरिप्रियेच्या हातावर ठेवी. एरवी जी बाई मुलीच्या ताटातला भात चमच्याने मोजायची, ती या द्रोणाकडे बघायचीसुद्धा नाही. प्रसाद पोटात जातो हे खरं, पण तो जेवणात धरायची रीत त्या घरात कधीच नव्हती.

संध्याकाळी कचेरीतून येताना तिने रिपोर्ट घेतला आणि प्रयोगशाळेच्या जिन्यातच उघडला. उपाशीपोटीची साखर भलतीच चढलेली. त्याखाली रक्तातली चरबी, ट्रायग्लिसराइड, गेल्या वेळच्या तिप्पट. हा अवघड इंग्रजी शब्द तिला एका दमात वाचता येत असे, कारण राममूर्तीने जन्मात एकदाच जे रक्त तपासलं, त्यातही हाच शब्द ठळक अक्षरांत होता. कठड्याला धरून ती तशीच उभी राहिली. वरून उतरणाऱ्या एका आजोबांनी "काय झालं, मा?" म्हणून विचारलं, तर तिने रिपोर्ट पदराखाली लपवला.

"काय आलं गे, अम्मा?" घरी हरिप्रियेने त्यांच्या तंजावरी मराठीत विचारलं.

"डॉक्टर बघतील," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसली. ती तर आधीच घासलेली होती.

डॉक्टरांची वेळ परवाची होती. मधला दिवस कसा काढायचा? घाबरलेलं माणूस जे करतं तेच तिने केलं, देवाला वेठीला धरलं. दुसऱ्या पहाटे तिने प्रदक्षिणा दुप्पट केल्या, तुपाचा दिवा लावला, डोळे मिटून उभी राहिली ती गुरुजींनी हाक मारीपर्यंत. आणि त्यांच्यापुढे एक सोडून दोन द्रोण धरले.

"अय्यो, अम्मा! एवढं?" हरिप्रिया म्हणाली.

"खा गे, कण्णा. देवाचें आहे. नाहीं म्हणूं नये," त्रिपुरसुंदरीने लाडाने समजावलं.

हरिप्रियेने आईचे सुजलेले डोळे पाहिले आणि दोन्ही द्रोण चाटूनपुसून संपवले. त्याच्या पुढच्या पहाटेही तसंच. आईला बरं वाटतंय ना, मग झालं, असा तिचा हिशेब. डॉक्टरांकडे निघेपर्यंत पोरीच्या पोटात एवढं पुण्य साठलं होतं की तिला बसमध्ये पेंग येत होती.

डॉक्टर अलमेलूंनी रिपोर्ट पाहिला. चष्मा वर केला, पुन्हा पाहिला. त्रिपुरसुंदरीने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. हे बोलणं सगळं तमिळमध्ये झालं, पण भीतीला कुठली भाषा असते?

"हे जुळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हा आकडा तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगतो, आणि तो तर चांगला आहे, गेल्या वेळेपेक्षा चांगला. तीन महिने शहाण्यासारखी वागलेली मुलगी एका सकाळीच कशी बिघडली? उपाशी आली होतीस ना?"

"हो."

"काही म्हणजे काही नाही?"

"कॉफीसुद्धा नाही," त्रिपुरसुंदरी म्हणाली.

"मी हिला विचारतेय."

हरिप्रियेने आईकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "फक्त प्रसाद."

"कसला प्रसाद?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोंगल. गुळाचा."

"किती?"

त्रिपुरसुंदरीने तळहाताची खोलगट वाटी करून दाखवली, जरा आखडती. हरिप्रियेने दोन्ही हातांनी दाखवली, भरघोस. डॉक्टर अलमेलूंनी दोघींचे हात आळीपाळीने पाहिले, पेन खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला.

"तूप, गूळ, भात! आणि वर उपाशी म्हणून सांगता! अहो, मीसुद्धा मार्गळीत देवळात जाते. देवाला सगळं माफ असेल, पण माझं यंत्र काय ओळखणार, हे तूप देवळातलं की हॉटेलातलं? साखर चढणारच. चरबी चढणारच!"

त्रिपुरसुंदरीला आधी शरम वाटली, मग राग आला, स्वतःचाच, आणि मग या दोन्हींच्या मागून काहीतरी हलकं हलकं वर येऊ लागलं. म्हणजे ते आकडे पोरीचे नव्हते, पोंगलचे होते. तिला हसू फुटणार एवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, "थांबा. अजून खूश होऊ नका. पोंगलने किती वाढवलं आणि मुळात किती होतं, हे मला आज सांगता येणार नाही. उद्या सकाळी खरंच उपाशी या. रक्त पुन्हा घेऊ आणि मान पण बघू. तिथल्या रक्तवाहिनीची भिंत काही एका सकाळीत जाड होत नाही आणि एका सकाळीत पातळही होत नाही. तिथे बहाणा चालायचा नाही." वर आलेलं हसू तिथेच विरलं.

दुसऱ्या पहाटे त्रिपुरसुंदरी देवळात गेली खरी, पण गुरुजींनी द्रोण पुढे केला तेव्हा तिने हात मागे घेतला. जन्मात पहिल्यांदा. "आज नको," ती म्हणाली, आणि गुरुजी काही विचारायच्या आत चपला न घालताच घराकडे सुटली. चपलांसाठी तिला अर्ध्या वाटेतून परतावं लागलं.

यंत्राच्या खोलीत अंधूक उजेड होता. हरिप्रिया मान कलती करून पडली होती. डॉक्टरांनी तिच्या गळ्यावर थंडगार काहीतरी चोपडलं, त्यावरून यंत्राचा दांडा फिरवला आणि पडद्यावर करड्या रंगाचे पट्टे हलू लागले. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि खोलीभर आवाज घुमला, झूप, झूप, झूप.

"हे काय?" त्रिपुरसुंदरी दचकली.

"हिचं रक्त. डोक्याकडे चाललंय."

एकोणीस वर्षांपूर्वी जे तिने घडवलं होतं त्याचा आवाज ती आज ऐकत होती. दांडा उजवीकडून डावीकडे गेला, पडद्यावर रेघा ओढल्या गेल्या, मोजमापं झाली. त्रिपुरसुंदरीने श्वास रोखून धरला होता हे तिला नंतर कळलं, छाती दुखू लागल्यावर.

"छान आहे," डॉक्टर अलमेलू म्हणाल्या. "भिंत पातळ, आतून स्वच्छ. या वयाच्या मुलीची असावी तशीच. तीन वर्षांची साखर आहे म्हणून सांगितलं नाही तर कळायचंही नाही कोणाला."

दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर काबूत, चरबी थोडीशी वर. "थोडीशी," डॉक्टरांनी बजावलं, "म्हणजे चालायचं, पळायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि दर वर्षी यायचं. पण घाबरायचं नाही." त्रिपुरसुंदरीचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच, रांगेतल्या लोकांसमोर, मोकळेपणी रडली. डॉक्टरांनी जरा वेळ सहन केलं आणि मग पुढच्या पेशंटला हाक मारली.

बसची वाट बघत दोघी थांब्यावर उभ्या होत्या. हरिप्रिया रस्त्याकडे बघत म्हणाली, "अम्मा, आतां पहाटे माझ्या नाकापुढें हात धरूं नको."

त्रिपुरसुंदरी चमकली. राममूर्ती गेल्यापासून रोज देवळात जायच्या आधी ती झोपलेल्या मुलीच्या नाकापुढे तळहात धरून उभी राही. ऊन ऊन श्वास लागला की मगच पाय उंबऱ्याबाहेर पडे. हे जगात कोणालाच ठाऊक नाही, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

"तुला जाग असते?"

"असते की. तुला कळूं नये म्हणून मी मोठ्यानें श्वास घेतें." हरिप्रिया आईकडे वळली. "मला मरायची भीती नव्हती गे. तूं एकटी राहशील याची होती."

त्रिपुरसुंदरीने तिचा हात धरला. बस आली आणि गेली, दोघींपैकी कोणीच चढलं नाही.

त्यानंतरच्या पहाटे भोंगा वाजला, शेजारणीने जाता जाता दार ठोठावलं, तरी त्रिपुरसुंदरीला जाग आली नाही. ऐन मार्गळीत ती उजाडेपर्यंत झोपली. डोळे उघडले तेव्हा खिडकीतून ऊन आलं होतं आणि नाकापुढे एक तळहात होता. हरिप्रिया वाकून, श्वास रोखून उभी होती.

"आहें गे," त्रिपुरसुंदरी म्हणाली. "कॉफी कर."