खाली वळलेला डावा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. घरातल्या भिंतीवर मानाने बसतो तो आरसा मात्र मी नव्हे. एका लाँड्रीच्या गाडीच्या डाव्या दाराबाहेर, लोखंडी दांडीच्या टोकाला मी अकरा वर्षं काढली. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही आहे की नाही याची मला फार शंका होती, अजूनही आहे. घरातल्या आरशासमोर लोक हौसेने उभे राहतात. माझ्याकडे कुणी पाहिलंच तर मागचं पाहायला. पण एका गोष्टीत माझा थोडा हात होता, आणि ती मी सांगितली नाही तर दुसरं कुणी सांगेल असं वाटत नाही.

कारखान्यात आम्ही दोघं एकाच दिवशी तयार झालो, मी आणि माझा जुळा भाऊ. आमच्या काचा किंचित फुगीर, म्हणजे लहान काचेत जास्त रस्ता मावतो. भाऊ उजवीकडे बसला, ड्रायव्हरच्या हाताशी. मी पलीकडे. त्याला दिवसातून चार वेळा पुसलं जाई, मला एकदा. मी तक्रार करत नाही. पलीकडे राहणाऱ्याच्या वाट्याला एवढंच येतं.

आमच्या ड्रायव्हरना सगळे ‘सावकाश’ म्हणत. प्रत्येक वळणावर ते स्वतःशीच पुटपुटत, “सावकाश, सावकाश,” त्यावरून ते नाव पडलं. पुढे ते इतकं चिकटलं की पगाराच्या पाकिटावरसुद्धा लाँड्रीच्या मालकीणबाई तेच लिहीत. आमचं काम इस्पितळाचं. सकाळी धुतलेल्या चादरींचे गठ्ठे पोचवायचे आणि मळलेले आणायचे. इस्पितळाच्या मागच्या दाराशी जायला एक अरुंद बोळ होता आणि त्याच्या डाव्या कडेला उघडी नाली; बोळ संपला की दारासमोर दोन गाड्यांपुरतं अंगण. चाक वीतभर जरी सरकलं तरी गाडी नालीत. म्हणून सावकाश बोळाच्या तोंडाशी गाडी थांबवत, खाली उतरत, वळसा घालून माझ्याकडे येत आणि मला हाताने खाली वळवत. मग मला फक्त मागचं चाक आणि नालीची कड दिसे. माझ्या भरवशावर ते गाडी मागे घेत. काम झालं की पुन्हा वळसा घालून येत, मला वर करत, बाहीने पुसत आणि मगच निघत. अकरा वर्षांत हा नेम चुकला नाही. मालकीणबाई एकदा एका पाहुण्याला म्हणाल्या होत्या की आमच्या गाडीला अजून साधा ओरखडासुद्धा नाही. ते ऐकून मला उगाच वाटलं की त्या माझ्याबद्दलच बोलत आहेत.

मग तो दिवस आला.

गठ्ठे चढवून झाले होते. सावकाश वळसा घालायला निघाले, तेवढ्यात एक रुग्णवाहिका अंगणात आली आणि आमच्या डाव्या अंगाला इतकी चिकटून उभी राहिली की मधून माणूस जाणं शक्य नव्हतं. तिच्या ड्रायव्हरने हात हलवून आधी तुम्ही निघा असं खुणावलं. आत पेशंट होता. सावकाश घाईने उजव्या दाराने चढले आणि निघाले. मी खालीच वळलेला. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो, पण आरशाला तोंड नसतं.

तिसऱ्या वळणावर औषधांचं दुकान आहे. तिथे आम्हाला डावीकडे वळायचं होतं. सावकाशांनी दिवा लावला, वेग कमी केला आणि माझ्याकडे नजर टाकली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मला पाहिलं नाही. रोजची सवय, मान आपोआप वळली. माझ्यात डांबराचा करडा पट्टा होता आणि तोच त्यांना मोकळा रस्ता वाटला. ते वळले. अगदी शेवटी माझ्या काचेत एक बारीक पुढचं चाक शिरलं. सायकलचं हँडल माझ्यावर आदळलं, मी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकलो आणि एका स्क्रूवर लोंबकळत राहिलो.

सायकलवर एक बाई होत्या. दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवण्याचं त्यांचं काम. पडताना त्यांनी हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. बारीक पात्याने खोट्या दाताला खऱ्या दाताचा आकार देणारा हात तो. सावकाशांनी गाडीत उरलेले धुतलेले टॉवेल काढून त्यांच्या डोक्याखाली ठेवले. घडी घालायचंही त्यांना सुचलं नाही.

पोलीस आले. औषधवाल्याने सांगितलं की सायकल आतल्या बाजूने भरकन घुसली. बाईंना काही आठवतच नव्हतं. सावकाश म्हणाले, “मला त्या दिसल्या नाहीत.” ते खरं होतं. का दिसल्या नाहीत ते त्यांनी सांगितलं नाही आणि पोलिसांनी विचारलं नाही. मी तर मोडून लोंबकळत होतो. आधी कुठे वळलेला होतो हे माझ्याकडे पाहून कुणालाच कळलं नसतं.

त्या संध्याकाळी सावकाशांनी मला काढलं, एका उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं आणि घरी नेलं. का नेलं ते मला ठाऊक नाही. फडताळात मला ठेवलं आणि दिवसातून दोनदा ते फडताळ उघडून पाहत, जणू मी उठून कुठे जाणार होतो.

त्यांच्या बायकोचा भाऊ तेव्हा रोज येऊ लागला. ज्या विषयातलं आपल्याला काही कळत नाही त्याच विषयावर सल्ला द्यायची या मेहुण्यांना भारी हौस. त्यांचं म्हणणं एकच होतं. दाजींनी तोंड उघडायचं नाही. चूक कबूल केली की विमा कंपनी हात वर करते, मग इस्पितळाचा खर्च मालकीणबाईंच्या बोकांडी, नोकरी गेली, लायसन्स गेलं आणि वर तुरुंग. आरसा फुटला हे तर देवानेच केलं.

“अहो, पण तो खाली होता,” सावकाश म्हणाले.

“कुणी पाहिलं?”

“मी.”

“मग दाजी, तुम्ही तेवढे डोळे मिटा. बाकी कुणी उघडे ठेवलेलेच नाहीत.”

विमा कंपनीचा अर्ज आला. त्यात ब्रेक, दिवे, टायर असे प्रश्न होते. सातवा प्रश्न होता, अपघाताच्या वेळी आरसे योग्य स्थितीत होते का? पुढे दोन चौकटी, होय आणि नाही. सावकाशांनी सगळा अर्ज सुरेख अक्षरात भरला आणि सातवा प्रश्न रिकामा सोडला. कंपनीने तो परत पाठवला, की एक उत्तर राहिलं आहे. त्यांनी पुन्हा रिकामा पाठवला. तो पुन्हा परत आला. धड खोटं लिहवेना, खरं लिहायला हात धजेना. जेवताना घास तोंडात तसाच राहायचा. बायकोने विचारलं तर म्हणायचे, दाढ दुखते.

पाचव्या आठवड्यात एक पत्र आलं. ते कवळीवाल्या बाईंचं होतं, डाव्या हाताने लिहिलेलं, ओळी उतरत्या. सावकाशांच्या बायकोने ते मोठ्याने वाचलं. मेहुणे होतेच. बाईंनी लिहिलं होतं की सगळे सांगतात त्यावरून चूक माझीच असणार. मी आंधळ्यासारखी आत घुसले असेन. मी कसलाही दावा करणार नाही. तुम्हाला माझ्यामुळे फार त्रास झाला, माफ करा. तुमचा आरसा माझ्यामुळे फुटला, त्याचं काय ते कळवा, मी भरून देईन.

मेहुण्यांनी मांडीवर थाप मारली. “सुटलात दाजी! घोडं गंगेत न्हालं. आता सातव्या चौकटीत डोळे मिटून ‘होय’ करा.”

सावकाश उठले. त्यांनी फडताळातून मला काढलं आणि अभ्रा सोडून टेबलावर ठेवलं.

“बाई मला आरशाचे पैसे द्यायला निघाल्यात,” ते म्हणाले. “मोडक्या हाताने.”

मेहुणे म्हणाले, देतात तर देऊ द्या की. तेव्हा त्यांची बहीण पहिल्यांदा बोलली. “दादा, तू आता घरी जा. चहा पुन्हा कधीतरी.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “दाढ कुठली दुखतेय ते कळलं मला. उपटून या एकदाची.”

सकाळी सावकाश मला काखेत मारून आधी मालकीणबाईंकडे गेले. इस्त्रीच्या वाफेत उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, रुग्णवाहिका, उजवं दार, खाली वळलेला मी. मालकीणबाई चादरीची घडी घालत होत्या. ती पूर्ण करून त्यांनी गठ्ठ्यावर ठेवली.

“पाच आठवडे हे पोटात घेऊन माझी गाडी चालवत होतात?”

“हो.”

“मूर्ख आहात,” त्या म्हणाल्या. “थांबा, पायात चपला घालते. गाडी माझी आहे, मीही येते.”

विमा कंपनीच्या कचेरीत तपासनीस म्हणून एक किडकिडीत गृहस्थ बसले होते. सावकाशांनी मला टेबलावर ठेवलं आणि सगळं एका दमात सांगितलं. शेवटी विचारलं, की आता तुम्ही खर्च देणार नाही ना? तपासनिसांनी चष्मा काढला.

“असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

“मेहुण्यांनी.”

“अहो, लोकांच्या हातून चुका होतात म्हणून तर विमा असतो. चुकाच होणार नसत्या तर आम्ही दुकान कशाला मांडलं असतं? अडचण खोटं सांगितलं तर येते. तुम्ही ‘होय’ लिहिलं असतं आणि उद्या इस्पितळाच्या दारावरच्या कॅमेऱ्यात आरसा खाली दिसला असता, तर मग मात्र मी हात वर केले असते.” त्यांनी सातव्या प्रश्नावर बोट ठेवलं. “रिकामं ठेवलंत तेच बरं केलंत. आता भरा.”

सावकाशांनी ‘नाही’च्या चौकटीत खूण केली. माझ्या शेजारीच बसून केली, म्हणून मला दिसलं, खूण ठळक आणि सरळ होती. मालकीणबाईंनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले.

सगळं फुकट सुटलं असं मात्र नाही, मित्रांनो. मी तसं सांगितलं तर तेही खोटंच होईल. सावकाशांनी पोलिसांकडे जाऊन नवा जबाब दिला. दंड झाला, आणि दोन महिने गाडी चालवायची नाही असा हुकूम झाला. ते दोन महिने त्यांनी इस्त्रीच्या टेबलावर काढले. अनेक उशांचे अभ्रे जाळले. मालकीणबाई म्हणत, याच्यापेक्षा तुरुंगात गेला असतात तर स्वस्त पडलं असतं. खरं तर चौकीत तुरुंगाचं कुणी बोललंही नव्हतं. उलट ते दोन महिने सावकाश दोन्ही वेळा पोटभर जेवले आणि दुपारी गठ्ठ्यांना टेकून घोरले.

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं. पोलीस चौकीतून ते मला घेऊन तडक बाईंच्या घरी गेले. बाईंच्या हाताला प्लास्टर होतं. बाकावर अर्धवट राहिलेल्या कवळ्या ओळीने मांडलेल्या, त्यांचे मालक गावभर बोळकी घेऊन वाट पाहत असतील. बाईंना वाटलं आरशाचे पैसे न्यायला आले. त्या पर्स शोधू लागल्या.

“ताई, बसा,” सावकाश म्हणाले. त्यांनी मला आपल्या डाव्या खांद्याशी धरलं आणि वर केलं. “हा असा हवा होता.” मग खाली वळवलं. “आणि त्या दिवशी हा असा होता. मी वर करायला विसरलो. तुम्ही सरळ चालला होतात. मीच तुमच्यावर वळलो.”

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या.

“म्हणजे मी आत घुसले नव्हते?”

“नाही ताई.”

“नीट चालवत होते मी?”

“अगदी नीट.”

त्यांनी तेच दोनदा विचारलं, मग तिसऱ्यांदा. आणि मग खाली बसून त्या रडल्या. सावकाश घाबरले, पण ते रडणं वेगळं होतं. बाई सांगू लागल्या, की पाच आठवडे त्या रोज ते वळण मनात पुन्हा पुन्हा चालवत होत्या आणि दरवेळी स्वतःलाच दोष देत होत्या. आपल्याला आता नीट दिसत नाही, आपला तोल गेला, वय झालं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. रस्ता ओलांडायलासुद्धा शेजारणीला सोबत नेत. हात बरा झाला तरी बारीक काम आता आपल्याच्याने होणार नाही, असं त्यांनी दवाखान्यात कळवायचं ठरवलं होतं. सायकल तर शेजारणीला देऊन टाकली होती.

“तिच्याकडून परत मागून घेते,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “नाहीतरी ती चालवत नाही, सायकलवर गोधड्या वाळत घालते.”

उपचाराचा खर्च आणि बुडालेल्या कामाची भरपाई विमा कंपनीने दिली. गाडीला नवा आरसा तर पहिल्याच आठवड्यात बसला होता. मला मालकीणबाईंनी लाँड्रीच्या मागच्या नळावर टांगलं आहे. ड्रायव्हर मंडळी माझ्या तडकलेल्या चेहऱ्यात बघून भांग पाडतात. प्रत्येकाला मधून एक चीर पडलेली दिसते. कुणी फारसं मनावर घेत नाही.

मित्रांनो, उपदेश करण्याची माझी पात्रता नाही, म्हणून विनंतीच करतो. निघण्यापूर्वी एक वळसा घालून आरसे पाहा, कितीही घाई असली तरी. आणि तरी चुकलंच, तर लवकर सांगा. शिक्षेची भीती वाटेल, पण ती बहुतेक वेळा आपल्या मेहुण्यांनी सांगितली त्याहून लहानच निघते. आपण गप्प राहिलो म्हणून चूक नाहीशी होत नाही. तिकडे एखादं निर्दोष माणूस ती आपली समजून उचलतं, आणि मोडक्या हाताने तुमचीच माफी मागायला कागद पुढे ओढतं.