दहा पावलं मागे

केसरीनाथला साखर निघाली, तेव्हा ती बातमी सगळ्या पूर्णा गावाला कळली, कारण त्याने स्वतःच ती घरोघर जाऊन सांगितली. शेत गोडाऊनवाल्यांना देऊन चार वर्षं झाली होती. नांगर गेला, बांध गेले आणि हा भला माणूस दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून बसू लागला. बसून खाल्लेलं अंगावर येणारच. भिवंडीतल्या डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या आणि सोबत चांगल्या सवयींचा एक छापील कागद दिला. सुनेने, भाविकाने, तो मोठ्याने वाचून दाखवला. रात्रीचा भात बंद. रोज सकाळी चाळीस मिनिटं चालायचं, शक्यतो जोडीने. मन आनंदी ठेवायचं, घरच्यांनी पेशंटला टेन्शन देऊ नये. आणि रोज दहा मिनिटं शांत बसून एकमेकांचं ऐकायचं.

"म्हंजे काय करायचा?" पार्वतीने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"तू बोलायचा, मी आयकायचा," केसरीनाथ म्हणाला आणि स्वतःच हसला. तीस वर्षांच्या संसारात तशी वेळ कधी आली नव्हती.

माणूस मात्र हट्टाचा. एकदा मनावर घेतलं म्हणजे घेतलंच. कागद भिंतीवर चिकटवला, शेजारी कॅलेंडर टांगलं आणि रोज संध्याकाळी लाल पेनाने चार खुणा करायला लागला. त्याच्यासाठी ज्वारीची भाकरी वेगळी होऊ लागली. सवयीने भात जास्त शिजायचा, तो टाकवत नाही म्हणून पार्वती खायची. तिची साखर कोणी तपासली नव्हती. तिला काय होणार, ती तर दिवसभर उभीच असते, असं घरात सगळ्यांना वाटायचं. चौथी खूण तो बातम्या लागल्यावर करायचा. दोघं टीव्हीसमोर बसलेली असायची, तेच त्याने ऐकण्यात धरलं होतं.

चालायचा रस्ता गोडाऊनच्या भिंतीलगत, म्हणजे त्याच्याच जुन्या शेतातून जायचा. तो पुढे, पार्वती दहा पावलं मागे. बाजाराला जाताना, देवाला जाताना, दवाखान्यात जाताना ती दोघं अशीच चालत आली होती, आणि गावात सगळीच जोडपी तशीच चालायची. खांद्याला खांदा लावून निघाली असती तर लोकांनी दात काढले असते. पार्वती मागून बोलत राहायची, सुनेबद्दल, माहेरच्या आंब्याबद्दल, कशाबद्दलही. बाजूने कंटेनर जायचे. तो पुढून "हं" म्हणायचा.

दिवाळीच्या सुमाराला ती एकदा म्हणाली, "आवो, जरा दमानं चाला ना."

"तुला चालायची सवय न्हाय, म्हनून दम लागतो. पाय उचल, बरा वाटंल," तो मागे न बघता म्हणाला. आणि हे तो मनापासून म्हणाला, हेच वाईट. बायकोचं भलं व्हावं असं त्याला खरोखर वाटत होतं.

पुढे पुढे ती तिसऱ्या गेटापर्यंतच यायची. तिथे वॉचमनच्या केबिनशेजारी एक दगड होता, त्यावर बसायची. तो खाडीच्या पुलापर्यंत जाऊन यायचा आणि परतताना तिला घेऊन जायचा.

त्या गुरुवारी गेटापाशी तिने मागून हाक मारली, "आयकता का?" समोर एक ट्रेलर वळत होता. केसरीनाथ "हं" म्हणाला आणि चालत राहिला. वीस मिनिटांनी परतला तेव्हा ती दगडावर बसून भिंतीला टेकली होती, पदर खांद्यावरून घसरला होता.

"बसलीस काय? ऊठ, ऊन वर आला," तो म्हणाला. ती उठली नाही, तसा रागावून पुन्हा म्हणाला. एवढ्यात धाकल्या नावाचा वॉचमन आतून पाण्याचा ग्लास घेऊन पळत आला, आणि त्याचा चेहरा पाहून केसरीनाथने वाकून तिच्या खांद्याला हात लावला.

अटॅक होता, दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरने विचारलं, "आधी काही त्रास होता का त्यांना?"

"न्हाय," केसरीनाथ म्हणाला. "कायच बोलली न्हाय ती."

शनिवारी त्याचा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला. भाविकाने पाकीट फोडलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, सगळं नॉर्मल आहे." तेव्हा तो पहिल्यांदा रडला, आणि असा रडला की शेजारची माणसं धावत आली.

तेराव्यानंतर तो त्याच रस्त्याने गेटाकडे गेला. मधे दोनदा थांबून मागे पाहिलं. धाकल्या गणेशपुरीकडच्या एका पाड्यावरचा, वयाने त्याच्याच बरोबरीचा. त्याने लगबगीने खुर्ची पुढे केली, पण केसरीनाथ दगडावर बसला.

"त्या दिवशी ती मला काय सांगत होती?"

धाकल्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "तुमाला हाक मारली, शेठ. तुमी गेलाव. मंग बऱ्याच वेलानं मना बोलली, भाऊ, पानी दे."

"आन त्याच्या आदी?"

"आदी रोजच बोलायची. छातीवर दगड ठेवल्यासारका व्हतंय, हात भरून येतंय. मी बोललू, शेठला सांगू का? त मनाच दम दिला. बोलली, कागदावर लिवलाय, त्यांना टेन्शन द्यायचा न्हाय. शनिवारी त्यांचा रिपोर्ट हाय. चांगला आला का मंग माजा सांगंन."

केसरीनाथने दोन्ही हातांनी डोकं धरलं. भिंतीवरचा तो कागद त्याला पाठ होता, कॅलेंडरवरच्या आठ महिन्यांच्या खुणाही त्याच्याच हातच्या होत्या. त्याचं मन आनंदी राहावं म्हणून त्याची बायको मुकाट्याने मरून गेली होती, आणि तो डॉक्टरला सांगून आला होता की ती काहीच बोलली नाही.

"आनखी काय बोलायची?" त्याने विचारलं.

धाकल्याची ड्युटी संपली होती, त्याची एसटी निघून जाणार होती, तरी तो बसला. माहेरचा आंबा. भाविकाने आणलेली, तिला न आवडलेली हिरवी साडी. वज्रेश्वरीच्या कुंडात एकदा पाय सोडून बसायचंय. हे मागं बघत न्हाईत, मी कुठं थांबले तर त्यांना कवा कळंल, असं म्हणून ती हसायची.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, तिसऱ्या दिवशीही. पुलापर्यंत तो आता जातच नव्हता. दगडावर एका बाजूला सरकून बसायचा आणि धाकल्या आठवेल ते सांगायचा. महिनाभराने एका सकाळी धाकल्याने हात जोडले.

"शेठ, जेवडा बोलली तेवडा सगला सांगून झाला. आता काय बी ऱ्हायला न्हाय."

केसरीनाथने डोळे पुसले. शेजारची रिकामी जागा त्याने हाताने साफ केली.

"मंग पयल्यापासून सांग," तो म्हणाला. "मी आयकतो."